थोरल्या दिरांसमोर खुर्ची

खुब्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी एक मुलगी माझ्या खाटेशी येऊन म्हणाली, "काकू, उठा. चालायचंय आपल्याला." मला वाटलं, हिची खाट चुकली. काल माझ्या मांडीचं हाड कापून तिथं धातूचा गोळा बसवलाय, हातात सलाईनची सुई तशीच आहे, आणि ही मला फेरफटका मारायला न्यायला आलीय! मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यामुळे माझा आवाज असा झालाय की समोरचा माणूस आपोआप हाताची घडी घालतो. या मुलीनं घडी घातली नाही. तिनं वॉकर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "रागावून झालं की उठा."

ती परभणीच्या त्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. वय असेल पंचवीस-सव्वीस. तिच्या खांद्याला धरून मी त्या दिवशी चार पावलं चालले. चौथ्या पावलाला घामानं पोलकं भिजलं. पण एक गोष्ट खरी, सहा-सात वर्षं झिजलेल्या खुब्यात जो खिळा टोचत होता तो गेला होता. दुखत होतं ते टाक्यांचं. हाड दुखत नव्हतं.

मग तिनं मला काय करायचं नाही ते सांगितलं. मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. जमिनीवर, पाटावर, कुठल्याही बुटक्या गोष्टीवर बसायचं नाही. गुडघा खुब्याच्या वर येता कामा नये. पायावर पाय टाकायचा नाही. "नाहीतर गोळा वाटीतून निसटतो," ती म्हणाली, "मग पुन्हा टेबलावर." मी सगळं एका दमात पाठ म्हणून दाखवलं. एवढंच नाही, शेजारच्या खाटेवर पाथरीकडची एक बाई होती, तिचंही माझ्यासारखंच ऑपरेशन, तिलाही मी तीनदा पाठ करून घेतलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी मुलांना किती वेळा समजावली असेल. ती माझ्यासाठीच राखून ठेवलेली आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुपारी मी त्या मुलीला सहज विचारलं, "आणि चाललंच नाही, पडून राहिलं तर?"

"तर ऑपरेशन कितीही चांगलं होऊ द्या, माणूस खाटेलाच लागतो," ती म्हणाली. "पाठीला जखमा होतात. छाती भरते. आमच्याकडे असे येतात ना काकू, घरच्यांनी लाडानं झोपवून ठेवलेले."

मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवल्या होत्या.

सहा वर्षांपूर्वी गोठ्यात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं. डॉक्टरांनी चालवा म्हणून सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं होतं. पण आमच्या गावात हाड मोडलेल्या माणसाला चालवतं का कोणी? त्यांना घरी आणलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून झोपवलं. माझे थोरले दीर, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, त्यांनी बायकोची जी सेवा केली ती गावात आजही सांगतात. घास भरवला, कूस बदलली, रात्रंदिवस उशाशी बसले. मीही शाळेतून आले की जाऊबाईंच्या डोक्याला तेल लावायची. एकदा त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या होत्या, तर मीच ओरडले, "ताई, पडाल! झोपा बघू." वर्षभरात पाठीला जखमा झाल्या, कफ झाला, आणि त्या गेल्या. म्हातारपणी हाड जुळत नाही असं लोक म्हणाले आणि आम्ही ते मान्य केलं.

त्या दुपारी खाटेवर पडल्या पडल्या मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, मी चालणार. कुणाचा हात न धरता, माझ्या घरात, माझ्या अंगणात. कारण पुण्याच्या लेकानं स्पष्ट सांगितलं होतं, "आई, तीन महिन्यांत तुला एकटीला चालता आलं तर ठीक. नाहीतर तू आणि बाबा दोघंही इकडे यायचं." प्रेमानंच म्हणाला, पण मला त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आयुष्य बघायचं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्या मुलीनं जे सांगितलं ते दादांच्या कानावर कधी जाऊ द्यायचं नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला आता ते कळून काय होणार होतं?

गंगाखेड रस्त्यावर आमचं गाव. घरी आले तर आमच्या ह्यांनी तयारी केलेली. माझ्या खाटेच्या चारी पायांखाली विटा. प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक अडकवून उंच केलेल्या, वर गोधडीची घडी. संडासात भोक पाडलेली लोखंडी खुर्ची. हे शेतकरी माणूस, कागदावर लिहिलेलं पाळणारे. मला म्हणाले, "बगा मॅडम, तुमच्या शाळेत बी एवढी तयारी नव्हती इन्स्पेक्शनला." लाडात आले किंवा रागावले की ते मला मॅडम म्हणतात. एरवी 'अगं'वर भागतं.

दादा घरी नव्हते. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच ते गंगाखेडला लेकीकडे निघून गेले होते. दवाखाना, खुबा, खाट हे त्यांना पुन्हा बघवणार नाही हे आम्हाला कळत होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. त्यांचं घर आमच्या अंगणापलीकडे, समोरासमोर. जाऊबाई गेल्यापासून दोन्ही वेळा ते आमच्याकडेच जेवतात.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. थोरल्या दिरांसमोर धाकट्या भावजयीनं खाटेवर, खुर्चीवर बसायचं नाही आणि त्यांच्याशी तोंडानं बोलायचं नाही. काही सांगायचं तर मध्ये माणूस लागतो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हे शिकवलं. मी शाळेत मुख्याध्यापकांसमोर, सरपंचांसमोर, तालुक्याच्या साहेबांसमोर खुर्चीवर बसून टेबलावर हात आपटलेले आहेत. पण घरी आले, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला की मी जमिनीवर. अडतीस वर्षं. सासूबाई जाऊनही वीस वर्षं झाली. दादांनी मला 'खाली बस' असं कधी म्हटलं नाही. म्हणालेच नाहीत म्हणून तर ते मोडता येईना, कारण भांडायला समोर कुणी नव्हतं.

ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. मी ओसरीत त्या उंच खुर्चीवर बसले होते, हे शेळीला पाला टाकायला गेलेले. फाटक वाजलं आणि हातात पिशवी घेऊन दादा आत आले.

मी काय केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. डोक्यानं काही ठरवलंच नाही. हात पदराकडे गेला, अंग खुर्चीवरून खाली सरकलं, आणि मी जमिनीवर बसले होते. दोन्ही पाय दुमडून, थेट, जसं अडतीस वर्षं बसत आले तसं. मग खुब्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दादा बावरून उभे. मी ओरडलेसुद्धा नाही, कारण त्यांच्यासमोर ओरडायचं कसं? त्यांनीच हाक मारली, "आरं, पळ! हिकडं बग काय झालं!"

जीपमध्ये आडवी घालून मला परभणीला नेलं. सगळ्या रस्त्यानं मला एकच दिसत होतं, तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी. एक्स-रेचा फोटो काढला. गोळा जागेवर होता, स्नायूला ताण बसला होता. डॉक्टर म्हणाले, "नशीब थोर तुमचं. कशा पडलात?"

"पाय घसरला," मी सांगितलं.

काय सांगणार होते? की शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून नियम पाठ करून घेणारी ही शिक्षिका दिरांना बघून स्वतःच खाली बसली? घरी आल्यावर ह्यांनी सगळी ओसरी कपडे धुण्याच्या सोड्यानं घासली, त्यावर पोती अंथरली, दोन दिवस कुणाला चप्पल घालून आत येऊ दिलं नाही. मला त्यांची दया येत होती आणि हसूही येत होतं, पण खरं बोलायला तोंड उघडत नव्हतं.

त्यानंतर माझं आजारपण खरं सुरू झालं. दादा सकाळची भाकरी खाल्ली की अंगणात लिंबाखाली बसायचे. जुन्या पोत्यांचे धागे उसवून त्यांची दावी वळणं हे त्यांचं काम, ते दिवस मावळेपर्यंत चालायचं. माझं चालणं अंगणात व्हायचं होतं. दम लागला की टेकायला ती उंच खुर्ची अंगणातच ठेवलेली. म्हणजे दादांसमोर. मग मी बाहेर जाईना. आज चक्कर येतेय, आज टाके ओढतायत, आज थंडी फार आहे. मी आतल्या खोलीत पडून राहायची, दार लोटून. मुलं शाळा बुडवताना जी कारणं सांगायची त्यातलं एकही मी सोडलं नाही.

आणि भेटायला येणाऱ्या बाया मला साथच द्यायच्या. आजारी माणसाला भेटायला येणं हे आमच्याकडे कर्तव्य आहे, आणि आल्यावर एकच वाक्य म्हणायचं असतं. "आराम करा मॅडम. हाडाला आराम पायजे." एक गेली की दुसरी. मला ते ऐकायला गोड वाटायला लागलं होतं, आणि ते गोड वाटतंय याचीच भीती वाटत होती. पाठ रग लागून दुखायची तेव्हा मी हात मागे नेऊन चाचपून बघायची, जखम तर होत नाही ना.

ती फिजिओथेरपिस्ट मुलगी बुधवारी आणि रविवारी स्कूटीवरून यायची. आमच्या पुढच्याच गावात तिचं घर, परतताना वाट वाकडी करायची. त्या रविवारी तिनं टेप काढून माझी मांडी मोजली. पुन्हा मोजली.

"काकू, मांडी सुकायलीय. तुम्ही चालत नाही."

"चालते की."

"टेपला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "काय झालंय? पडायची भीती बसली का?"

मी पांघरूण ओढून घेतलं. ती उठली नाही. शेवटी मीच चिडले, तिच्यावर, माझ्यावर, अडतीस वर्षांवर, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. घसरले नव्हते, बसले होते. दादा आले म्हणून बसले होते. ती हसेल असं वाटलं. हसली नाही. टेप पिशवीत टाकला आणि सरळ बाहेर गेली. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत ती लिंबाखाली पोचली होती.

खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, एक सांगू का? राग मानू नका. त्या दिवशी काकू पडल्या नव्हत्या. तुम्ही आलात म्हणून खुर्ची सोडून खाली बसल्या. आता तुम्ही हितं बसता म्हणून त्या आत पडून राहतात. ऑपरेशन झालेलं माणूस असं पडून राहिलं ना बाबा, की ते उठतच नाही. पाठीला जखमा होतात, छाती भरते. चांगलं झालेलं ऑपरेशन वाया जातं. मी बघितलेत असे."

मी कपाळाला हात लावला. जे त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही म्हणून जपलं होतं ते शब्दन् शब्द त्यांच्या पुढ्यात पडलं होतं. त्या पोरीला जाऊबाईंचं काहीच माहीत नव्हतं, तिचा काय दोष? दादांच्या हातात वळत असलेलं दावं तसंच थांबलं. मग त्यांनी धागे गोळा केले, धोतर झटकलं आणि आपल्या घरात गेले.

संध्याकाळी ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. हे ताट झाकून घेऊन जायचे आणि अर्धं तसंच परत आणायचे.

"काय बोलली व्हती ती पोरगी दादाला?" तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं, तसे हे माझ्यावर कडाडले. "आनि तू पाय घसरला म्हणून सांगितलंस मला? मी सोडा घासून घासून हाताची सालं काढली!"

"मग काय सांगू? तुम्ही तरी कधी म्हणालात का, की बस खुर्चीवर, दादा काय खायलेत का तुला?"

"मला काय म्हाईत तू बसत न्हाईस ते!"

"अडतीस वर्षं एका घरात राहून?"

खरंच त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. पुरुषांना घरातली बाई दिसते, ती कुठे बसलीय ते दिसत नाही. पण त्या वेळी मला भांडण जिंकण्यात रस नव्हता. माझ्यामुळे एक म्हातारा माणूस समोरच्या घरात अर्धपोटी बसला होता, आणि तो खुर्चीमुळे रागावलाय की जाऊबाईंमुळे खचलाय हे विचारायची मला सोय नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणात काहीतरी ओढल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर दादा आपली खाट ओढत होते. त्यांच्या घराला दगडी ओटा आहे, चांगला कमरेएवढा उंच, तीन पायऱ्यांचा. ती खाट त्यांनी ह्यांच्या मदतीनं ओट्यावर चढवली. मग गुडघ्यावर हात देत एकेक पायरी चढले, खाटेवर बसले, धाप ओसरू दिली आणि ह्यांना म्हणाले,

"मी आता हितं बसणार. वर. तिला म्हणाव, खाली अंगणात खुशाल खुर्चीवर बस. मी वर हाय, ती खाली हाय. रीत काय मोडत न्हाई."

मी दारात वॉकर धरून उभी होते. आमच्यात दहा-बारा हातांचं अंतर. हे माझ्याकडे वळले आणि गंभीर चेहरा करून सांगू लागले, "दादा म्हणतात की—"

"ऐकू आलंय मला," मी म्हणाले.

मला रडू आलं हे कबूल करते. या माणसानं तीन दिवस अर्धपोटी बसून हे शोधून काढलं होतं. रीत मोडा असं म्हणणं सोपं होतं, पण ते म्हणाले असते तरी मी खुर्चीवर टेकले नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःला उचलून वर ठेवलं.

तरी पहिल्या दिवशी खुर्चीवर बसताना मी आधी पदर पुढे ओढून घेतला. मग फेरीला निघाले तर तो डोक्यावरून सरकत होता, मी तो सावरत वॉकर ढकलत होते, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "आरं, तिला म्हणाव पदर खोचून घे. त्या लोखंडात आडकून तोंडावर पडल." हे म्हणाले, "खोच." मी खोचला.

तेव्हापासून माझी रोजची शाळा सुरू झाली, आणि मास्तर दादा. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी झाली की ते हातातल्या दाव्याला एक गाठ मारायचे. संध्याकाळी ह्यांना बोलवून गाठी मोजायला लावायचे. "काल अकरा व्हत्या. आज नऊच कामून? इचार तिला." मी आतून ओरडायची, "त्यांना सांगा, आज पाणी तापवलं मी उभ्यानं, त्याच्या दोन धरा." हे बिचारे मध्ये उभे राहून दोन्हीकडचा निरोप दोन्हीकडे द्यायचे, सगळ्यांना सगळं ऐकू येत असताना. एक दिवस वैतागून म्हणाले, "तुमी दोघं माजी टवाळी करायलाव का?" दादा हसले. जाऊबाई गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

शेजारची एक म्हातारी भेटायला आली आणि नेहमीसारखी म्हणाली, "आराम करा मॅडम, लय चालू नगा." तर ओट्यावरून दादा केवढ्यानं खेकसले, "आराम करून मसनात जायचंय का तिला? चालू द्या!" म्हातारी चहाला थांबली नाही. त्यांना त्या मुलीचं बोलणं पुरतं लागलं होतं, हे मला कळून चुकलं. पण ते काही बोलत नव्हते, आणि मध्ये माणूस ठेवून विचारावं अशी ती गोष्ट नव्हती.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझी मुंगी हळूहळू चालत होती. वॉकर सुटला, काठी आली. मांडी भरायला लागली, टेपही तेच सांगू लागला. ती मुलगी म्हणाली, "काकू, आता जवळ कुणी असताना काठी सोडून चालून बघा. थोडं थोडं." पण काठी सोडली की मी एका जागी खिळायची. पाय चांगला होता, मन लंगडत होतं. लेक फोनवर विचारायचा, "काठी सुटली का?" मी विषय बदलायची.

मग येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडे गावात माणूस सापडत नाही, सगळे शेतात. ज्वारीत कडब्याची कोपी उभी करायची, पूजा करायची, भज्जी आणि आंबील पोटभर खायची. ह्यांना पूजेला जाणं भाग होतं. डबे घेऊन ते निघाले आणि म्हणाले, "दादा हाईत घरी. मी चारला येतो." दादांनी गुडघ्याचं कारण सांगून जायचं टाळलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मी सवयीनं फेऱ्या सुरू केल्या. सहा झाल्या असतील. काय मनात आलं देव जाणे, मी काठी तुळशीला टेकवली आणि खुर्चीच्या दिशेनं निघाले. एक, दोन, तीन, चार. अंगणाच्या मध्यावर आले आणि पाय थरथरायला लागला. पुढे खुर्ची लांब, मागे काठी लांब, हाताशी काही नाही. मी ह्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि आठवलं की हे शेतात आहेत.

दादा खाटेवरून उठले होते. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, निरोप द्यायला माणूस शोधतात तसं. कुणीच नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. "घाई करू नको. दम घे."

ते माझ्याशी बोलत होते. अडतीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून. मला वाटलं आता ते येऊन मला धरतील, आणि मी हात पुढे केलाही. ते तीन पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी धरणार न्हाई," ते म्हणाले. "तिला लय धरलं मी. उठाय गेली की धरलं, बसाय गेली की धरलं. पाय टाकूच दिला न्हाई. धरून धरूनच मारली तिला."

माझे डोळे भरून आले, समोरची खुर्ची दिसेना.

"दादा," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला, "तुम्ही एकट्यानं नाही. मीही झोपवलं होतं त्यांना. उभ्या राहिल्या तर मीच ओरडले."

त्यांनी मान हलवली.

"रडायचं तर मग रडू. दोघं बी रडू," ते म्हणाले. "आदी चाल. पाच-सहा पावलं हाईत. चाल."

मी चालले. पहिलं पाऊल टाकताना पाय माझा वाटत नव्हता, तिसऱ्याला वाटला. मी खुर्चीशी पोचले, वळले, दोन्ही हात टेकून बसले. दादा त्याच खालच्या पायरीवर टेकले होते, जमिनीलगत, माझ्या खुर्चीपेक्षा चांगले हातभर खाली. उपरण्यानं डोळे पुसत होते. माझं अंग खाली सरकायला निघालं, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरून ते थांबवलं.

"बस, दम खा," दादा म्हणाले. "मग उठ. काठी तिकडंच हाय, आनाय जायचंय."

मी दम खाल्ला आणि उठले. दादा जागचे हलले नाहीत.